माय फेअर लेडी: आठ ऑस्कर आणि एक उसना गळा

सिनेमा १९६४ चा, वॉर्नर ब्रदर्सचा, दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर. बारा नामांकनं आणि त्यांतली आठ ऑस्करं पदरात: चित्रपट, दिग्दर्शन, रेक्स हॅरिसनला अभिनयाचं, शिवाय छायाचित्रण, कलादिग्दर्शन, वेशभूषा, संगीत-संयोजन आणि ध्वनी. यादी पुन्हा एकदा वाचा. नायिका कुठेच नाही. मिळालेल्यांत नाही आणि नामांकनातही नाही. सिनेमाचं नाव तिच्यावरून, गोष्ट तिच्या बोलण्याची, आणि ऑड्री हेपबर्नचं नाव मतपत्रिकेवरसुद्धा आलं नाही. साठ वर्षं लोक याला अन्याय म्हणत आले आहेत. सिनेमा कान देऊन ऐकला की मतदारांना काय खटकलं असेल ते कळतं.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनात फुलं विकणारी एलायझा डूलिटल. तिचे उच्चार ऐकून नाक मुरडणारा ध्वनिशास्त्रज्ञ हेन्री हिगिन्स. सहा महिन्यांत हिला सरदारघराण्यातली बाई म्हणून खपवून दाखवतो, अशी त्याची फुशारकी आणि त्यावर कर्नल पिकरिंगने लावलेली पैज. मूळ नाटक बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन', लंडनमध्ये १९१४ साली आलेलं. त्यावर लर्नर आणि लोव या जोडीने १९५६ मध्ये ब्रॉडवेसाठी संगीत नाटक रचलं आणि त्याचे २,७१७ प्रयोग झाले. पुलंनी १९७५ मध्ये शॉच्या नाटकावरून 'ती फुलराणी' केलं, त्यामुळे ही गोष्ट आपल्याकडे जवळजवळ घरचीच आहे. मराठी प्रेक्षक या सिनेमाकडे येतो तो मंजुळेला ओळखून, आणि म्हणून त्याला फसवणं जरा अवघड जातं.

तर मुद्दा आवाजाचा. हा सिनेमा पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत एका बाईच्या आवाजाबद्दल आहे. ती काय बोलते, कशी बोलते, त्यावरून तिची किंमत कशी ठरते, आणि तो आवाज बदलल्यावर ती नक्की कोण उरते. आणि याच सिनेमात एलायझाची बहुतेक गाणी तिच्या गळ्यातली नाहीत. ती मार्नी निक्सनने गायली आहेत. 'द किंग अँड आय' मध्ये डेबोरा करला आणि 'वेस्ट साइड स्टोरी' मध्ये नॅटली वुडला आवाज दिला तीच ही निक्सन. गायिका उत्तम, तिच्याबद्दल तक्रार नाही. पडद्यावर तिचं नाव मात्र नाही.

इथे आपल्याकडचा वाचक लगेच हात वर करणार: मग लता-आशांनी काय केलं? बरोबर आहे, प्लेबॅक हा आपल्या सिनेमाचा रिवाजच. पण आपल्या प्लेबॅकमध्ये चोरी नसते. रेकॉर्डच्या कव्हरवर गायिकेचं नाव असतं, रेडिओवर ते सांगितलं जातं, आणि पडद्यावरची नटी गाताना आवाज कोणाचा हे थिएटरातल्या पोरालाही माहीत असतं. नायक, नायिका, खलनायकाची मैत्रीण, सगळ्यांना एकच नियम. 'माय फेअर लेडी'त नियम माणसागणिक बदलतो, आणि खरी गडबड तिथून सुरू होते.

रेक्स हॅरिसनने गाणी आधी रेकॉर्ड करायला नकार दिला. तो मुळात गातच नाही. सुराच्या कडेकडेने बोलत जातो, मधेच एखादा शब्द सुरावर टेकवतो, पुन्हा उचलतो. मी दोन वेळा एकसारखं कधी म्हणतच नाही, तर टेपवर ओठ कसे जुळवणार, हे त्याचं म्हणणं. मग त्याच्या टायमध्ये वायरलेस मायक्रोफोन दडवला गेला आणि त्याचं गाणं सेटवर, चित्रीकरण चालू असताना थेट रेकॉर्ड झालं. संगीत-संयोजक आंद्रे प्रेव्हिनने वाद्यवृंद नंतर त्या आवाजामागे चालवला. चांगला तबलजी गवयाच्या मागे जातो तसा. याचा परिणाम ऐकण्यासारखा आहे, यात वाद नाही. शेवटाकडे येणाऱ्या 'आय हॅव ग्रोन अकस्टम्ड टू हर फेस' मध्ये हॅरिसन रस्त्याने चालतोय, चिडतोय, थबकतोय, वाक्य अर्धवट सोडतोय. आणि प्रत्येक थांबा त्या क्षणी सुचल्यासारखा वाटतो. ध्वनीचं ऑस्कर रास्तच.

आता त्याच सिनेमात, कधी त्याच दृश्यात, समोर उभ्या असलेल्या हेपबर्नकडे बघा. तिला ही मोकळीक नाही. आधी मुद्रित झालेल्या ट्रॅकवर तिने ओठ हलवायचे. त्यामुळे पुरुष वर्तमानकाळात आणि बाई टेपच्या तालावर, अशी विचित्र जोडी पडद्यावर उभी राहते. तो शब्द लांबवू शकतो, गिळू शकतो, तिच्या अंगावर फेकू शकतो. ती मात्र पाव सेकंदही इकडेतिकडे होऊ शकत नाही. गोष्टीत हिगिन्सने तिला बाहुली केलंय आणि ती त्याविरुद्ध बंड करते. स्टुडिओने तिला खरोखरच बाहुली करून टाकलं, आणि बंडाचं गाणंही तिच्या हातात दिलं नाही.

जोड कुठे आहे ते ऐकायचं असेल तर हेडफोन लावा आणि 'आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट' निवडा. गाण्याआधीचा शेवटचा बोललेला शब्द आणि गाण्याचा पहिला शब्द, एवढंच आधी ऐका. हेपबर्नचा बोलण्याचा आवाज खालच्या पट्टीतला, किंचित धुरकट, शब्दाच्या शेवटी हवा सुटणारा. गाणं सुरू होताच एक स्वच्छ, तालमीतला, वर सहज चढणारा सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीतला बायकी गळा, येतो. मग नजर तिच्या हनुवटीखाली ठेवा. लांब ओळीआधी श्वास घ्यावा लागतो; खांदे किंवा गळ्याची खळगी थोडी तरी हलते. शेवटच्या उंच सुराला मानेचे स्नायू ताणले जातात. इथे मान शांत. शिवाय मोलकरणी तिला आवरून झोपायला लावताहेत, ओढताहेत, पांघरुणात घालताहेत, आणि आवाजाला एक धक्का लागत नाही.

फ्रेडीचं काम करणाऱ्या जेरेमी ब्रेटची गतही तीच. 'ऑन द स्ट्रीट व्हेअर यू लिव्ह' मधला आवाज बिल शर्लीचा आहे. पण फ्रेडी हा एलायझाच्या दारापुढे ताटकळणारा मजनू. त्याला उसना आवाज चालून जातो.

सगळ्यात वाईट जोड 'जस्ट यू वेट' मध्ये आहे. हिगिन्सच्या छळाने चिडलेली एलायझा एकटीच खोलीत त्याला शिव्याशाप देते, ते गाणं. सुरुवातीला आवाज हेपबर्नचा: खरखरीत, दातओठ खाल्लेला, सूर थोडा डळमळता, आणि म्हणूनच खरा. मग राजा आपल्याला भेटायला येतो हे तिचं दिवास्वप्न सुरू होतं, चाल वर चढते आणि तिथे निक्सन येते. स्वप्न संपलं की परत हेपबर्न. एका बाईच्या एका संतापात दोन गळे. मुद्दाम केलं असतं, स्वप्नातला आवाज निराळा अशी कल्पना असती, तर वाहवा केली असती. पण ती केवळ सोय आहे: वरचे सूर लागत नाहीत, म्हणून तेवढं ठिगळ.

याच जागेवर 'ती फुलराणी'त 'तुला शिकवीन चांगलाच धडा' येतं. भक्ती बर्वेंनी ते केलं ते एकाच गळ्यात. रडणं, हसणं, नक्कल, लाड, धमकी, सगळं एका श्वासाच्या हिशेबात, समोर प्रेक्षक बसलेले असताना. तिथे वाद्यवृंद नव्हता आणि सत्तर मिलिमीटरची फिल्मही नव्हती. मराठी माणसाला हे दृश्य किती उंच जाऊ शकतं हे माहीत आहे, म्हणून बरबँकच्या स्टुडिओतलं ठिगळ जास्तच टोचतं.

हेपबर्नला गाता येत नव्हतं म्हणून नाइलाज झाला, असं समर्थन केलं जातं. अर्धंच खरं. १९५७ च्या 'फनी फेस' मध्ये ती स्वतः गायली होती आणि १९६१ मध्ये 'मून रिव्हर'ही. ती चाल हेन्री मॅन्सिनीने तिच्या मर्यादित पट्टीत बसेल अशी बांधली होती. लोवच्या चाली मात्र ज्युली अँड्र्यूजच्या गळ्यासाठी बांधलेल्या. रंगभूमीवरची मूळ एलायझा तीच. जॅक वॉर्नरला पडद्यावर नाव असलेली नटी हवी होती, म्हणून अँड्र्यूजला वगळलं आणि हेपबर्नला दहा लाख डॉलर देऊन आणलं. म्हणजे गळा असलेली घरी बसवली, चेहरा असलेली घेतली, आणि मग गळा बाहेरून आणला. अँड्र्यूजने त्याच वर्षी 'मेरी पॉपिन्स' केला आणि त्याच समारंभात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नेलं.

हेपबर्नच्या स्वतःच्या आवाजातली 'वुडन्ट इट बी लव्हर्ली' आणि 'शो मी' ही दोन गाणी डिस्कच्या पुरवणीत दिलेली आहेत. डिस्क हातात आलीच तर सिनेमाआधी ती ऐका. आवाज पातळ आहे, वर जाताना कापतो. पण 'वुडन्ट इट बी लव्हर्ली' हे थंडीत कुडकुडणाऱ्या, खोली आणि चॉकलेट एवढंच मागणाऱ्या फुलवालीचं गाणं. तिथे कापरा आवाज शोभतो. ऑपेराची तालीम घेतलेला शोभत नाही.

आता शिकवणीकडे. सिनेमाने इथे तयारी चांगली केली होती हे आधी कबूल करतो. ध्वनिशास्त्रज्ञ पीटर लॅडफोगेड यांचा सल्ला घेतलेला. हिगिन्सच्या खोलीतली यंत्रं नुसती शोभेची नाहीत. 'ह'ची ज्योत बघा. बोलणाऱ्याच्या तोंडापुढे गॅसची बारीक ज्योत. शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' नीट उच्चारला तर बाहेर पडणाऱ्या हवेने ज्योत थरथरते, गिळला तर स्थिर राहते. आपण शाळेत अल्पप्राण-महाप्राण शिकलो तेच हे. तळहात तोंडापुढे धरून 'प' आणि मग 'फ' म्हणा, फरक हाताला लागतो. शिकणाऱ्याला न दिसणारी गोष्ट डोळ्यांना दाखवणारं हे साधन खरोखर कामाचं आहे. वाक्याची चढउतार झायलोफोनवर वाजवून दाखवणंही चांगलं.

पण दिग्दर्शकाला या साधनांचं करायचं काय ते सुचत नाही. ज्योतीने कागद पेटतो, हशा मिळतो, पुढचं दृश्य. तोंडात गोट्या भरून बोलायला लावणं तर जुनंपुराणं खूळ. त्याने जीभ अडखळते, नवा स्वर शिकत नाही. आणि मुख्य धडा, 'द रेन इन स्पेन', त्यात हिगिन्स काय करतो? बरोबर वाक्य म्हणून दाखवतो, आणि तिचं चुकलं की तेच वाक्य जास्त जोरात म्हणतो. अडचण साधी आहे. एलायझाच्या कॉकनीत, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीतल्या बोलीत, 'रेन'चा 'राइन' होतो, 'स्पेन'चा 'स्पाइन'. स्वर सुरू होताना जबडा गरजेपेक्षा जास्त उघडतो, त्यामुळे 'ए'ऐवजी 'आ' निघतो. उपाय जबड्यावर आहे: आरसा समोर ठेवायचा, तोंड किती उघडतंय ते बघायचं, आधी सुटा स्वर, मग एक शब्द, मग दोन जवळचे शब्द आलटूनपालटून, आणि पूर्ण वाक्य सगळ्यात शेवटी. हिगिन्स वाक्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडून बसतो. 'आनि-पानी' म्हणणाऱ्या मुलाला 'आणि-पाणी' म्हण, म्हण म्हणतो ना, असं दहा वेळा ओरडून सांगितल्याने 'ण' येत नाही. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला कुठे लावायचं ते दाखवावं लागतं.

मग एका रात्री, सगळे थकलेले असताना, हिगिन्स दोन वाक्यं मऊपणे बोलतो, इंग्रजी भाषेच्या थोरवीबद्दल सांगतो, आणि एलायझाला एकदम जमतं. नाच सुरू. कानाला काही पायऱ्या ऐकू येत नाहीत. आधीचं पूर्ण चूक, नंतरचं पूर्ण बरोबर. अर्धवट जमलेला, मधेच घसरणारा, लक्ष गेलं की जुना होणारा उच्चार, हा खरा शिकण्याचा काळ, तोच गायब. मायेने बोलल्यावर ती शिकली, असा अर्थ काढता येतो. पण मग त्या शोधाचा पुढे हिगिन्सवर काहीतरी परिणाम दिसायला हवा. तो पुन्हा तसाच.

जाता जाता एक गंमत. इंग्रज लोक इंग्रजीचा खून करतात म्हणून फणफणणारं हिगिन्सचं पहिलंच गाणं घ्या. फाशी देण्यासाठी इंग्रजीत 'हँग्ड' हवं. प्रोफेसर 'टंग'शी यमक जुळावं म्हणून 'हंग' म्हणतात. भाषेचा मास्तर पहिल्याच तासाला नापास.

देखाव्याबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण तो सगळ्यांना आवडतो. सेसिल बीटनच्या टोप्या आणि झगे, ॲस्कॉटच्या शर्यतीतली काळी-पांढरी गर्दी, सगळे पुतळ्यासारखे उभे, घोडे भर्रकन निघून जातात आणि कोणाची पापणी हलत नाही. उच्चभ्रूंची ही थट्टा मस्त आहे, आणि एलायझाचे निर्दोष उच्चारांत सांगितलेले मावशीच्या मरणाचे किस्से हा सिनेमातला सगळ्यात विनोदी भाग. अडचण अशी की ॲस्कॉटचा ताठपणा बाकीच्या सिनेमालाही लागला आहे. सगळं चित्रीकरण स्टुडिओत. कॉव्हेंट गार्डनचा चिखल इस्त्री केल्यासारखा, भाजी शोकेसमधली. कॅमेरा रंगमंचासमोरच्या पहिल्या रांगेत जागा पकडून बसतो आणि उठत नाही. एलायझाच्या बापाच्या लग्नाआधीच्या रात्रीचा दंगा स्टॅन्ली हॉलवेच्या जिवावर चालतो, पण निम्म्यात संपला असता तरी चाललं असतं. नाटकात टाळ्या घ्यायला आणि नेपथ्य बदलायला गाण्यांना लांबी लागते. सिनेमाला ती गरज नव्हती. एकूण लांबी जवळजवळ २ तास ५० मिनिटं.

वयाचंही बोलू. शॉने हिगिन्स चाळिशीचा सांगितला आहे, एलायझा अठरा-वीसची. इथे हॅरिसन ५५ चा, हेपबर्न ३४ ची. तिच्या गालाला काजळी फासून भागत नाही. मान आणि मनगटं पहिल्यापासून राजकन्येची. पहिल्या तासातला तिचा आरडाओरडा म्हणूनच खोटा वाटतो.

आणि तरीही हेपबर्नचा एक तुकडा असा आहे की त्यासाठी सिनेमा बघावा. हिगिन्स पैज जिंकतो त्या मेजवानीहून परतल्यावरचं 'यू डिड इट'. हिगिन्स आणि पिकरिंग एकमेकांची पाठ थोपटताहेत, नोकरमंडळी कोरस धरताहेत, तुम्हीच करून दाखवलंत म्हणताहेत. आणि जिने ते केलं ती खोलीच्या कडेला दिव्याजवळ उभी. एक शब्द नाही, एक सूर नाही. चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू विझत जातो आणि पुरुषांच्या गाण्याचा आवाज वाढत जातो. संगीतपटातल्या नायिकेचं सर्वोत्तम काम ती गप्प असताना व्हावं, यातच काय ते आलं.

बघायचाच असेल तर २०१५ ची ४के डागडुजी झालेली प्रत घ्या. १९९४ मध्येही मोठी दुरुस्ती झाली होती, पण रंग आणि बारकावे नव्या प्रतीत जास्त उघडे आहेत. मूळ चित्रीकरण सुपर पॅनाव्हिजन ७० मधलं, चौकट रुंद, त्यामुळे मोबाइलवर ॲस्कॉटच्या टोप्या म्हणजे ठिपके होतात. निदान मोठा टीव्ही हवा. सबटायटल बंद ठेवा, नाहीतर डोळे वाचत बसतात आणि उच्चारांचा सगळा खेळ हुकतो. मध्यांतर एलायझा मेजवानीला निघते तिथे येतं. एका बैठकीत होत नसेल तर तिथे थांबा. वेळ कमी असेल तर १९३८ चा 'पिग्मॅलियन' शोधा: वेंडी हिलर आणि लेस्ली हॉवर्ड, दीड तासाच्या आसपास, गाणी नाहीत. त्याच्या पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळालं. हिलरच्या तोंडचा कॉकनी रस्त्यावरचा वाटतो, हेपबर्नच्या तोंडचा वर्गातला. पाचपैकी गुण द्यायचे तर 'माय फेअर लेडी'ला दोन. त्यातला दीड हॅरिसन आणि बीटनचा.

शेवट शॉला कधीच मान्य झाला नसता. एलायझा हिगिन्सकडे परत जाते अशी लोकांची समजूत होऊ नये म्हणून त्याने १९१६ मध्ये नाटकाला मोठी पुरवणी जोडून ती फ्रेडीशी लग्न करते आणि फुलांचं दुकान काढते असं लिहून ठेवलं. इथे ती परत येते, आणि तो टोपी डोळ्यांवर ओढून सपाता कुठे आहेत विचारतो. यावर भांडण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्याच्या आधीचा अर्धा मिनिट बघून घ्या. एकटा हिगिन्स यंत्रावर तिचं पहिल्या दिवशीचं बोलणं ऐकत बसलाय. ती मागून येते, यंत्र बंद करते, आणि हात-तोंड धुऊन आले होते हो, हे आपलं जुनं वाक्य जुन्याच उच्चारात स्वतः पुरं करते. पावणेतीन तासांत हेपबर्नला टेप बंद करून स्वतःच्या तोंडाने म्हणायला मिळालेली तेवढी एकच ओळ.